शांतता कक्ष

सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत शिरलं की आधी यंत्रमागांचा खडखडाट अंगावर येतो आणि मागोमाग नुकत्याच रंगवलेल्या सुताचा ओलसर, उग्र दर्प. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यांच्या त्या अविश्रांत येरझारीला मी आजवर कर्कश गोंगाटच म्हणत आले. एखाद्या कोवळ्या जिवाला त्याच नादातून अभय मिळत असेल, हे मला का सुचू नये? आणि म्हणे मी मुलांच्या मनाची अभ्यासक!

सैनिकांच्या ज्या मुलांना सीमेवरच्या गोळीबारामुळे इकडे यावं लागलं, त्यांच्यासाठी आमच्या शाळेत आधारकेंद्र काढायचं ठरलं आणि समितीत माझी वर्णी लागली. पहिली बैठक पडद्यांच्या रंगावर संपली, दुसरी उद्घाटन कुणाच्या हस्ते यावर. शाल, नारळ, हार, सगळ्याची तजवीज झाली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या मुलांना काय हवंय हे विचारायला मात्र कुणालाच फुरसत नव्हती. आणि इतरांना कोणत्या तोंडाने बोल लावू? आवाज आत न येणाऱ्या खोलीची कल्पना माझीच. तोफांनी विटलेल्या कानांना निःशब्दतेसारखं औषध नाही, असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. मग काय, भिंतींना जाड फोम, खाली गालिचा, दाराला रबराची पट्टी आणि दारावर वळणदार अक्षरांत 'शांतता कक्ष'!

अनुषा तिथे तीन आठवडे आली आणि तिन्ही वेळा दप्तर छातीशी घट्ट धरून दाराकडे बघत बसली. नऊ वर्षांची पोर. वडील अजून सीमेवर. ती आणि तिची आई इथे मामाकडे. माझ्याशी एक शब्द बोलेल तर शपथ! मी वहीत लिहिलं, 'प्रतिसाद नाही.' किती सोयीचे असतात आमचे हे शब्द! चौथ्या आठवड्यात तिने उंबरठ्यावरच पाय रोवले, तेव्हा तिची आई संकोच गिळून म्हणाली, "मॅडम, रागावू नका, पण त्या गप्प खोलीत नका की बसवू तिला. तिकडं आवाज थांबला की आता पुढचा गोळा कुटं पडतोय म्हणून आमी जीव मुठीत धरून बसायचो. हितं मामाचा माग चालू असला की लई गाढ झोपतीय बघा."

स्वतःचा असा संताप आला म्हणून सांगू! जी शांतता त्या लेकराच्या उरावर बसली होती, तीच मी चार भिंतींत कोंडून, वर सजवून तिच्यापुढे ठेवली होती. पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला असता तर?

दुसऱ्या दिवशी मीच त्या गल्लीत तिच्या मामाच्या घरी गेले. मागांच्या कारखान्याला लागून ओसरी आहे, तिथल्या बाकावर अनुषा आणि मी बसलो. ती कागदावर रेघोट्या ओढत होती आणि अवचित वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. तिच्या हातातली पेन्सिल गळाली, दप्तर पुन्हा छातीशी गेलं. दीर्घ श्वास घे, दिसतील त्या पाच वस्तू मोज, असे कितीतरी उपाय मला तोंडपाठ. पण त्या क्षणी एकही ओठावर येईना. मी बाकावर बोटं आपटायला लागले. खट्-खटा-खट्, खट्-खटा-खट्.

बराच वेळ ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "मॅडम, चुकतंय की तुमचं. असं नसतंय." आणि दप्तर खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी मला मामाचा माग वाजवून दाखवला.

कक्षाचा फोम काढून टाकावा, असा अर्ज मी समितीला दिला आहे; त्यावर बैठक कधी घ्यायची हे ठरवायला एक बैठक व्हायची आहे. बसोत बापडे! मी मात्र दर बुधवारी त्या गल्लीत जाते. शिरताच तो खडखडाट अंगावर येतो आणि आता माझ्याही जिवात जीव येतो. माग चालू आहेत; म्हणजे आत ओसरीवर एक दप्तर खाली ठेवलेलं असेल.