मामांच्या प्लेटा

माझे सासरे पर्यटकांसाठी चालणाऱ्या एका खास आगगाडीच्या जेवणाच्या डब्यात वाढप्याचं काम करायचे. मी त्यांना मामा म्हणायचे. जुन्या घाटाचे डबे, कोळशाचं इंजिन, प्रवासी बहुतेक परदेशी. नव्वद सालानंतर कधीतरी ते निवृत्त होऊन कळसला घरी आले, तेव्हा ट्रंकेबरोबर गोणपाटात गुंडाळलेलं एक खोकं होतं. आत चिनी मातीच्या प्लेटा. गाडीसाठी मुद्दाम बनवून घेतलेल्या, काठाला सोनेरी रेघ, मधोमध निळं इंजिन. गाडीला नवा संच आला, म्हणून हा नोकरांत वाटून टाकला होता.

"आता घरात ह्यातच जेवायचं," मामा म्हणाले.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं. "ह्यात भाकरी चुरायची कशी? कालवण समदं खाली जातंय." प्लेटा सपाट, त्यामुळे ते खरंच होतं. त्या आपलं स्टीलचं ताट घेऊन बाजूला बसल्या.

जीव मात्र माझा जायचा. मी इंदापूरला शाळेत शिकवायचे. संध्याकाळच्या एसटीत उभ्यानं यायचं, आल्याबरोबर भाकऱ्या थापायच्या, जेवणं झाली की प्लेटा. काथ्या लावायचा नाही, रेघ जाते. कोमट पाणी, मऊ फडकं, लगेच पुसून ठेवणं. स्टीलची ताटं मी सकाळपर्यंत मोरीत पडू दिली असती.

एकदा पेपर तपासायच्या दिवसांत अंगात कणकण होती. भाकऱ्या झाल्या आणि मी चुलीपाशीच बसून राहिले. म्हटलं, "मामा, आज प्लेटा नकोत. माझ्यानं धुणं होणार नाही."

रागावतील असं वाटलं. ते उठले, पंचा हातावर टाकला आणि माझ्यासमोर प्लेट ठेवली. "उठू नगंस." डाव्या बाजूनं वाकून त्यांनी भाकरी वाढली, मग पिठलं, काठाला एक थेंब न लागता.

"सुनंला सासरा वाढतोय व्हय!" सासूबाई म्हणाल्या.

"वाढायचंच काम केलंय जन्मभर. त्यात काय हाय?"

लग्न झाल्यापासून त्या घरात मला कुणी बसवून वाढलं नव्हतं. भूक नव्हती, तरी सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून प्लेटा त्यांनीच धुवायला घेतल्या. पण वाढायलाही तेच उभे राहू लागले. आम्ही जेवायचो आणि ते भिंतीला टेकून कुणाची प्लेट रिकामी होते ते बघत राहायचे. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात उभ्यानंच चार घास गिळायचे. माझं काम कमी झालं, पण त्यांना असं उभं बघून जास्तच थकायला व्हायचं.

"मामा, बसा ना आमच्याबरोबर."

"बसून घास उतरत न्हाय गं. सवय न्हाय."

दोनेक वर्षांनी त्यांचे गुडघे गेले. उभं राहवेना. एका संध्याकाळी ते सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मला बी ताट दे." सासूबाईंनी स्वतःचं ताट त्यांच्याकडे सरकवलं आणि दुसरं घेतलं. मामांनी भाकरी चुरली, वर कालवण ओतून घेतलं आणि सावकाश, पोटभर जेवले.

प्लेटा मी पुसून पणदऱ्याच्या नणंदेला दिल्या. ती त्यांत पाहुण्यांना बिस्किटं देते. मामांनी त्यांची पुन्हा कधी चौकशी केली नाही.