सोहई बांधलेली रानम्हैस

फोटोग्राफर आहे म्हटलं की आमच्या चौबे कॉलोनीत पहिला प्रश्न ठरलेला: "लग्नाचे काढता का?" नाही म्हटलं की दुसरा: "मग पोट कशावर चालतं?" मी जंगलातली जनावरं टिपतो, गावोगावच्या जत्रा आणि नाच टिपतो, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. शेजारच्या काकू तर हक्कानं म्हणत, "वाघाचे काढतो म्हणे. मंग आमच्या पोट्टीचे काढाले काय झालं?"

पण काकू परवडल्या, बाबा नाही. ते वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. काम म्हणजे हजेरी आणि पेन्शन, बाकी सगळे छंद, हे त्यांचं पक्कं मत. मामांच्या सिमेंट एजन्सीत माझ्यासाठी एक खुर्ची कधीची रिकामी ठेवलेली होती आणि तिचा विषय आमच्याकडे रोज जेवताना लोणच्यासारखा वाढला जायचा.

अशात राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि एका सरकारी खात्यानं मला काम दिलं. त्यांच्या कॅलेंडरच्या मुखपृष्ठावर राज्याच्या पशूचा, म्हणजे रानम्हशीचा फोटो हवा होता. फोटोखाली माझं नाव छापणार होते. बाबांनी ऐकून घेतलं आणि सौदा केला. "कॅलेंडरवर नाव दिसलं तं करत राह तुयी फोटोग्राफी. नाही दिसलं तं एक तारखेपासून मामाकडं. कबूल?"

"हव म्हण," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. मी हव म्हटलं.

उदंतीच्या जंगलात रानम्हैस दिसणं म्हणजे नशिबाचा भाग. मचाणावर बसून माझे पाय आखडले, मुंग्यांनी मान फोडून काढली. मी सगळ्या म्हशींच्या खानदानाला शिव्या घालत होतो, तेव्हा ती आली. उंच गवतातून आधी शिंगं दिसली, मग डोकं, मग तिच्या पोटाशी घुटमळणारं रेडकू. तिनं थेट माझ्याकडे पाहिलं. मी फोटो काढला आणि मला अक्षरशः रडू आलं. असा फोटो आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे मला तिथंच कळलं होतं.

तेव्हा रोलचा जमाना होता. स्लाइडचे रोल धुवायला बाहेरगावी पाठवावे लागत, आणि रोल पुरता संपवल्याशिवाय पाठवायचा नाही ही आम्हा सगळ्यांची सवय. उरलेले चार-दोन फोटो घराजवळ कशाचेही काढून टाकायचे. मी तेलीबांध्याच्या तलावावर गेलो. दिवाळी नुकतीच झाली होती. कुणाची तरी दुभती म्हैस पाण्यातून बाहेर येत होती, धुतल्यानं काळीभोर चमकत होती. दिवाळीत इथले राऊत, म्हणजे गुराखी, गाईम्हशींच्या गळ्यात बांधतात ती सोहई, पळसाच्या मुळांपासून वळलेली रंगीत माळ, तिच्या गळ्यात होती. मी खटाखट रोल संपवला आणि विसरून गेलो.

खात्याचं ऑफिस समता कॉलोनीतल्या एका भाड्याच्या घरात होतं. आधी तिथं हाडांचा दवाखाना होता आणि एक्स-रे पाहायची दिव्याची पेटी अजून भिंतीवर होती. नुकतेच भोपाळहून आलेले साहेब माझ्या स्लाइडचं अख्खं पान त्या पेटीवर लावून मोडलेलं हाड शोधावं तसे पाहू लागले. माझ्या रानम्हशीपाशी थांबून म्हणाले, "इसमें तो घास ही घास है. भैंस पूरी कहाँ है?" आणि बोट सरकत सरकत शेवटच्या ओळीवर गेलं. "वाह! ये हुई ना बात."

"साहब, ये तेलीबांधा की पालतू भैंस है. गले में सोहई बंधी है."

"वही तो!" साहेब खुशीत आले. "वन्यजीव भी, संस्कृति भी. एक फोटो में दोनों!"

मी कपाळावर हात मारला. जंगलात जाऊन रानम्हशीच्या गळ्यात सोहई कोण बांधणार, इथलं शेंबडं पोरही हसेल, हे मी परोपरीनं सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. पुढच्या वेळी गेलो तर वरून मंजुरी आलेली. मी आवाज चढवला, तसा साहेबांनीही चढवला. "आपको इतनी दिक्कत है तो आपका नाम हटा देते हैं."

क्षणभर बाबांचा चेहरा समोर आला, सिमेंटची ती खुर्चीही. "हटा दीजिए," मी म्हणालो.

घरी सगळं सांगितलं. बाबांनी भात कालवत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "मंग एक तारीख ध्यानात ठेव." मला इतका राग आला की ताटावरून उठलो. महिन्याच्या शेवटी कॅलेंडर घरी आलं. राज्याची रानम्हैस सोहई घालून ऐटीत उभी होती आणि खालचा कोपरा कोरा होता. मी ते गुंडाळून कपाटावर फेकलं.

एक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो तर बैठकीतल्या खिळ्यावर तेच कॅलेंडर. कोऱ्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेननं, बाबांच्या वळणदार अक्षरात, माझं नाव.

"शर्ट काहून घातला?" बाबांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं.

"एक तारीख आहे."

"नाव दिसलं तं फोटोग्राफी, असंच ठरलं होतं ना? पाह्य, दिसून राहिलं."

"बाबा, ती पाळीव म्हैस आहे! त्यासाठीच तर मी नाव काढायला लावलं!"

"मंग मले काय सोहई दिसत नाही? मी काय आंधळा आहो?" ते खेकसले. "जाय, शर्ट बदल."

मी हात टेकले. ज्या फोटोखाली नाव नको म्हणून भांडलो, त्याच फोटोखाली ते वर्षभर आमच्या बैठकीत झळकलं. किती वेळा म्हटलं, निदान कोपरा तरी फाडा. छे! घरी पाहुणा आला की चहाच्या आधी बाबा त्याला भिंतीपाशी नेत आणि सोहईवर बोट ठेवत.

"हे जंगली नाही. पोट्ट्यानं सांगितलं होतं त्याईले, आइकलं नाही." मग बोट खाली नावावर यायचं. "हा थो पोट्टा."