वाणात आलेलं अस्वल

लंडनमध्ये हॅरोला आम्हा मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू एकाच दिवशी, एकीच्या घरी होई. वाण मात्र जिचं तिचं. त्यामुळे चढाओढ असायचीच. त्या वर्षी ते माझ्या घरी होतं आणि मी पुण्याहून स्टीलचे डबे वाहून आणले होते, झाकणावर प्रत्येकीचं नाव कोरून. कौतुक माझंच होणार, याबद्दल मला शंका नव्हती.

पण साउथहॅम्प्टनहून नुकत्याच आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी पाकिटं वाटली. आत पांढऱ्या अस्वलीचा फोटो आणि आमच्या नावाने तिला दत्तक घेतल्याचा कागद. उत्तर ध्रुवाकडचा समुद्र उशिरा गोठतो, लवकर वितळतो. सीलची शिकार करायला पायाखाली बर्फच उरत नाही, मग अस्वलं उपाशीपोटी गावात शिरतात आणि गोळी खातात. दत्तकापोटी भरलेल्या पैशातून त्यांना न मारता हुसकावणारी माणसं नेमतात, असं बाईंनी सांगितलं. सगळ्या हळहळल्या. डबे सोफ्यामागे गेले. हातात तिळगूळ आणि अंगाचा तिळपापड, अशी माझी गत.

तेही गिळलं असतं. पण असल्या दिवशी वरच्या खोलीतून न हलणारी माझी दहा वर्षांची मुलगी खाली आली, बाईंच्या पायाशी बसली आणि मोडक्यातोडक्या मराठीत प्रश्न विचारत सुटली. माझ्याशी ती इंग्रजीतच बोले. पुढे दर रविवारी ती त्यांच्याकडे जाऊ लागली. दोघी खासदाराला पत्रं लिहीत, पोस्टर रंगवत. घरी आली की काकू असं म्हणाल्या, काकू तसं म्हणाल्या. नऊ महिने पोटात मी वाढवली आणि काकूंनी एका अस्वलावर पळवली. मी जळत होते, दुसरा शब्द नाही.

पुढच्या संक्रांतीला मी हट्टाने वॉलरस वाटले, म्हणजे त्या सुळेवाल्या समुद्री प्राण्यांच्या दत्तकाची पाकिटं. लायब्ररीतलं पुस्तक वाचून भाषणही पाठ केलं: बर्फ नसला की त्यांचे कळप किनाऱ्यावर दाटीने पडून राहतात, जवळून बोट गेली की बिथरून पाण्याकडे धावतात आणि पिल्लं चिरडली जातात, म्हणून जहाजं लांबून न्यायला लावायची. बोलले छान. काकूंनी मनापासून टाळ्या वाजवल्या, त्याचाही मला रागच आला.

मुलगी माझ्या मागे स्वयंपाकघरात आली.

"आई, तुला वॉलरस खरंच आवडतो?"

"नाही गं. मला तू हवी आहेस."

"आय नो," म्हणाली, आणि लाडवांचं ताट उचलून बाहेर गेली. मी दारातून बघत होते. पहिला लाडू तिने काकूंनाच दिला.