साडू चालत नाही

११ डिसेंबर, गुरुवार. एसीच्या जाळ्या धुवायला काढल्या होत्या. रियाधची धूळ त्यांच्यावर गोधडीसारखी बसते. मी बाथरूममध्ये ब्रश घेऊन बसले होते आणि बाहेर हॉलमध्ये पुतण्याचे दोन साक्षीदार चहा पीत होते. दोघांवरही माझा विश्वास नव्हता.

पुतण्या म्हणजे दिराचा मुलगा. सात वर्षं सौदीत, अल खफजीला टेक्निशियन. जानेवारीत ठाण्यात लग्न. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, मूळचे अलिबागकडचे. मुलगा इतकी वर्षं बाहेर राहिलेला, तेव्हा त्याचं आधी लग्न झालेलं नाही असं दोन साक्षीदारांनी सांगितल्याशिवाय लग्न लावणार नाही, असं मुलीकडच्या रब्बींनी, परदेशातून आलेल्या धर्मगुरूंनी, कळवलं. साक्षीदार यहुदी हवेत, सज्ञान पुरुष हवेत, शनिवारचा शब्बाथ पाळणारे हवेत. मुलाच्या नात्यातले नकोत, मुलीच्या नकोत, आणि एकमेकांच्याही नकोत. जोडीतला एक बाद निघाला की दुसऱ्याची साक्षही जाते. मी त्याला सात वर्षं दर सुट्टीला जेवायला घातलंय, पण मी एक तर बाई, वर काकी. दोन्हीकडून बाद. नवरा काका म्हणून बाद. मला त्याचं काही वाटलं नाही. नियम आहे तो आहे.

शुक्रवारी सकाळी रब्बी व्हिडिओवर साक्ष ऐकणार होते, म्हणून हे दोघे आदल्या दिवशी आले. एक पुतण्याच्या कॅम्पमधला फोरमन. त्याला सगळे मामा म्हणतात, नातं काही नाही. दुसरा जुबैलचा वेल्डिंग इन्स्पेक्टर, पुतण्याचा पहिल्या नोकरीतला साहेब.

"आमची दोघांची आपली तोंडओळख हं, वहिनी," मामाने चपला काढता काढता सांगितलं. मी विचारलं नव्हतं. न विचारता मिळालेलं उत्तर मला आवडत नाही. शिवाय दोघे एकाच गाडीतून उतरले होते, आणि इन्स्पेक्टरच्या चहात साखर घालू नका हे मामानेच मला बजावलं.

पण पहिला संशय मी पुतण्यावर घेतला. आल्यापासून नखं खात होता. त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"इथे कुठे काही भानगड केलीयस का? आत्ता सांग."

"काकी, कॅम्पमध्ये सगळे पुरुष आहेत. भानगड कुणाशी करू, फोरमनशी?"

"मग नखं का खातोस?"

त्याने हात खिशात घातले. मी परत जाळ्यांकडे वळले, दार मात्र उघडंच ठेवलं. नळ बंद केला तेवढ्यात हॉलमधून मामाचा आवाज आला, "साडूभाऊ, उद्या तुम्हीच आधी बोला. तुमचं इंग्लिश बरंय."

मी ओल्या हातांनी बाहेर गेले. "तुम्ही दोघे साडू?"

इन्स्पेक्टरने कप तोंडाला लावला. मामा हसला. "वहिनी, साडू म्हणजे कसलं नातं? एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाईकं!"

"दुकान एकच ना? मग बाद. बापभाऊ बाद, मामा-मेव्हणे बाद, तसाच साडूही बाद. धर्मशास्त्रात वेगळं नाव घेऊन सांगितलंय."

"पण रक्त कुठे एक आहे?"

"रक्त कोण विचारतंय?"

पुतण्या मध्ये पडला. "काकी, रब्बींना मराठी येत नाही. इंग्लिशमध्ये साडूला शब्दच नाही. 'वी आर नॉट ब्रदर्स' म्हटलं की खलास."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. नखांचा उलगडा झाला.

रब्बींना कळलं नसतं, पण ठाण्यात कळलं असतं. आमची मूठभर माणसं. कोण कुणाचा साडू हे तिथे शाळकरी पोरंही सांगतात. एवढं लपवलं तर आणखी काय लपवलं असेल, असं मुलीच्या बापाने म्हटलं असतं, आणि नसलेली बायको आमच्या पोराच्या गळ्यात कायमची पडली असती. लग्न मोडलं असतं ते वेगळंच.

"मग दुसरा माणूस आणू कुठून?" पुतण्या म्हणाला.

माणूस एकच होता. इथेच रियाधमध्ये, ओलाया भागात, बँकेच्या आयटीत काम करणारे आमच्यातलेच एक गृहस्थ, नात्यात कुणाच्याच नाहीत. पुतण्या सुरुवातीला त्यांच्याकडे राहिला होता, अजून सणाला जातो. पण माझ्या नवऱ्याने त्यांच्या भावाची नोकरीसाठी शिफारस केली नाही, तेव्हापासून ते आमच्याशी बोलत नाहीत. सिग्नलला शेजारी गाडी आली तर काच वर करतात.

"तो मुद्दाम वाकडं बोलेल," नवरा ऑफिसातून आल्यावर म्हणाला.

"वैरी न्यायाला बसवत नाहीत. साक्षीला चालतो." नियम विचारले तेव्हा मी सगळेच विचारून घेतले होते. केवळ राग आहे म्हणून माणूस खोटी साक्ष देईल, असं आमचा कायदा धरत नाही. मी धरते. पण कायदा माझं मत मागत नाही.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. पुन्हा लावला.

"पुतण्याचं लग्न ठरलंय. आज रब्बींसमोर साक्ष हवी."

"काय सांगायचं?"

"खरं. त्याच्याबद्दल. आमच्याबद्दल काय ते नंतर बोला."

ते म्हणाले, "तुमच्या घरी येणार नाही."

"येऊ नका."

इन्स्पेक्टरला नाश्ता वाढला आणि घरीच बसायला सांगितलं. लॅपटॉप उचलला, मामा आणि पुतण्याला गाडीत बसवलं आणि मीच गाडी ओलायाकडे काढली.