गाडीचा खांदा

आमची गाडी चालताना बरी चाले. उभी राह्यली का मरे. सारा तरास उभं राह्याचाच होता.

जुनी पांढरी मोटार. पोरानं कोणाची तरी वापरलेली घेतली, कारण आमच्या बुढ्याईचं, म्हंजे पोराच्या बापाचं, रगत हप्त्यातून दोनदा मशीनवर धुवा लागे, यवतमाळले. आधी आम्ही जीपनं जात होतो. पण जीपवाला सीटा भरल्याबिगर हालत नाई, अन् मशीनवरून उठलेल्या माणसाले बसवत नाई, आडवं व्हा लागते. म्हणून गाडी. पोरगा चालवे. मी मागं बसून बुढ्याईचं डोकस्कं मांडीवर घेओ.

मागच्या पोळ्यानंतर गाडीची ही खोड सुरू झाली. रस्त्यानं पाय रेसवर असला त ठीक. पण बोरीच्या चौकात, नाई त गतिरोधकावर, पोरानं पाय काढला का इंजनचा आवाज आपोआप चढे, मंग खाली बसे, पुन्हा चढे, दम लागलेल्या माणसावानी. अन् एकदम बंद. बॅटरी कमजोर. मंग धक्का. धक्का कोण देईन? पोरगा स्टेरिंगवर, बुढे आडवे. मीच उतरो, पदर खोचो अन् जोर लावो. पाठीतून कळ निघे. ते कोणाले सांगत बसाचं.

एका बाजाराच्या दिवशी चहावाला म्हणे, "मावशे, पेट्रोल नाई टाकत का वं? तुह्याच जोरावर चालते का गाडी?"

सारे हासले. मी बी हासली. हासल्यानं धक्का काही हलका होत नाई, पण दोघं जण हात लावाले आले.

मशीनचा नंबर ठरलेला राहे. उशिरा गेलं त तेवढा वेळ कमी भेटे, कारण मागचा माणूस आपल्या नंबरले बसलेलाच राहे. वेळ कमी पडला का आंगातलं पाणी आंगातच राहे. पाय सुजत, दम चढे, बुढे दोन दोन दिवस भिंतीले टेकून बसत. म्हणून गाडी चौकात मेली का मले गाडी दिसत नव्हती, त्याईचे पाय दिसत.

बोरीतच रस्त्याच्या कडेले एक मिस्त्री हाये. भला माणूस, पण त्याचं बोलणं मोठं. पयले म्हणे प्लग गेले. बदलले. चार दिवस बरी चालली, पुन्हा तेच. मंग म्हणे पेट्रोलमंदी कचरा हाये. कार्बोरेटर खोलला, फडक्यावर सारे पुर्जे मांडले, धुतले, बसवले. काही फरक नाई. मंग त्यानं एक स्क्रू आवळून रेस वाढवून देली. तवापासून गाडी उभी असली तरी थ्रेशरवानी गर्जे, अन् गर्जता गर्जताच बसे. पोरगा एकाच पायानं ब्रेक बी दाबे अन् रेस बी. घरी आल्यावर तो पाय चोळत बसे. मी गरम पाणी ठेवो. आमच्या घरात बोलून काही कमी झालं नाई कधी.

मंग ती सकाळ. मागच्या खेपेले अर्धाच वेळ भेटलता, म्हणून बुढ्याईचा दम घरूनच चढलेला. चौकात गाडी मेली अन् धक्क्यानं बी उठे ना. मी बॉनेटवर टेकली. माह्यात जोरच नव्हता राह्यला.

पोरगा पळत जाऊन मिस्त्रीले घेऊन आला. मिस्त्रीनं दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून इंजन चालू केलं. म्हणे आज काही खोलत नाई, तुमाले वेळ नाई, फक्त आयकतो. हातात पक्कड होती. इंजनवरच्या रबरी नळ्या तो एकेक करून पकडीनं चिमटे अन् कान लावे. एक चिमटली, काही नाई. दुसरी चिमटली, काही नाई. मागच्या बाजूची एक बारीक नळी चिमटली, अन् इंजनचा आवाज साधा झाला. सारखा. इतक्या दिवसात म्या तसा आयकला नव्हता.

"इथून चोरून हवा आत जाऊन राह्यली," मिस्त्री म्हणे. "म्हणून दम लागते तिले."

नळी काढली. वरून चांगली, पण खालून टोकाजवळ उंदरानं कुरतडलेली. मिस्त्रीनं तिच्यावर बोट फिरवलं त बोट पिवळं झालं. वास घेतला. म्हणे हे त तूप हाये, अन् हळद.

"गाडीले फोडणी कोणं देली?"

पोरानं माह्याकडे पाह्यलं. म्या मागच्या सीटकडे.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. गरम पाण्यानं धुवाचे, तूप-हळद चोळाची, अन् कानात उद्याच्या जेवणाचं आवतन द्याचं. आमचे बैल त, बुढे बिमार पडले तवाच विकले गेले. बैल बांधाच्या रिकाम्या कोठ्यात आता गाडी राहते. वैरण नाई राह्यली, पण उंदरं राह्यले. मागच्या साली त्या दिवशी बुढ्याईनं तूप-हळदीची वाटी मांगतली, म्या देली. ते काठी टेकत कोठ्यात गेलते. बैलाचा खांदा जुवाखाली राहते, मंग गाडीचा बॉनेटखाली असन, असं त्याईले वाटलं.

मागून बारीक आवाज आला. "म्या लावली."

मिस्त्री मागच्या काचेशी वाकला. "काकाजी, बैलाले लावा ना. गाडीले कायले?"

"बैल कुठी हायेत," बुढे म्हणाले. "आता मले हीच वाहून राह्यली."

मिस्त्री हासला नाई. कुरतडलेलं टोक कापलं, उरलेली नळी ओढून बसवली, तारेनं आवळली. आवळलेला स्क्रू सैल केला. गाडी उभ्या उभ्या चालू राह्यली. पोरानं दोन्ही पाय खाली ठेवले अन् तसाच बसला जराक.

आम्ही उशिराच पोचलो, पण मागच्या नंबरचा माणूस बी आला नव्हता. त्या दिवशी पूर्ण वेळ भेटला.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी बुढ्याईनं पुन्हा वाटी मांगतली. म्या नुसती पाण्यात कालवलेली हळद देली. त्याईनं बोट बुडवून पाह्यलं.

"तूप नाई?"

"उंदरं येतात."

ते वाटी घेऊन कोठ्यात गेले. बॉनेटवर वरूनच बोटं ओढली. मंग गाडीचा कान कुठला म्हणून बाजूच्या आरशाजवळ वाकले अन् काही तरी पुटपुटले. घरात येऊन बसले तवा म्या तुपाची वाटी काढली, अन् त्याईच्या हातावर तूप चोळलं. सुया टोचून टोचून तो हात दोरखंडावानी झालेला. त्याईनं डोळे मिटले.

पोळा असला तरी सकाळी मशीनचा नंबर होताच. बोरीच्या चौकात लोक आपले बैल नाल्यावर धुवाले घेऊन निघालते. वाट देत आम्ही बराच वेळ उभे राह्यलो. गाडी चालू राह्यली. मले उतरा लागलं नाई.