गाण्याआधीचं निवेदन

चेन्नईत एग्मोरला आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून एका चर्चचा. रविवारी दुपारी आम्ही इकडे समूहगानाची तालीम करायचो. समूहगान म्हणजे वीस जणांनी एकच चाल थोडी पुढेमागे म्हणायची आणि मी ती पेटीखाली झाकायची. पलीकडे त्याच वेळी घानाहून शिकायला आलेली दहा-बारा मुलंमुली गायची. चार गट, चार वेगवेगळ्या ओळी. "हे लोक एकमेकांचं ऐकत नाहीत वाटतं," मी म्हणालो. आमच्यातल्या बायका हसल्या, आणि मी खूश झालो.

मी पन्नाशीचा आहे. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. मंडळाच्या गीताला मी चाल लावलेली आहे. ती कुठेही गायली गेली की आधी माझं नाव घेतलं जावं, असा माझा आग्रह असतो. एकदा कोइम्बतूरची मंडळी नाव घ्यायला विसरली, तेव्हा मी त्यांना दोन पानी पत्र धाडलं होतं. त्यात 'कलावंताचा सन्मान' हे शब्द तीनदा आले आहेत. त्या पत्राची प्रत मी जपून ठेवली आहे. माझ्याविषयी एवढं कळलं तरी पुरे.

स्नेहसंमेलनात काहीतरी नवीन हवं होतं, म्हणून भिंतीपलीकडच्यांना बोलवायचं मीच सुचवलं. समितीत पदवी नसलेला एकही माणूस नाही. पहिला प्रश्न आला, "पिसं-बिसं घालतात का ते?" दुसरा आला, "नाचतील ना थोडं?" आमचे अध्यक्ष मूळचे तंजावरचे, ते म्हणाले, "सरि, सरि, पण जेवणाला उशीर नको." ठराव मंजूर झाला.

त्यांची गटप्रमुख फार्मसी शिकणारी एक मुलगी होती. चेन्नईत राहून राहून सगळ्यांना अंकल म्हणायला शिकलेली. तिने हातातला कागद दाखवला. त्यावर सा-रे-ग-मसारखीच अक्षरं होती, त्यांच्या पद्धतीची, चार ओळींत एकाखाली एक. मी विचारलं, "हे तुमच्याकडे लिहितात?" माझ्या आवाजातलं आश्चर्य तिने ऐकलं असणार.

तिने इंग्रजीत समजावून सांगितलं. "आधी पाद्री आले ते आपल्या चाली घेऊन. त्यांच्यावर आमचे शब्द बसवले, पण आमच्या भाषेत आवाज चढला-उतरला की अर्थ बदलतो. त्यामुळे चाल गोड आणि शब्दांचा चोथा, असं गाणं लोक कित्येक वर्षं गात राहिले. ढोलाला तर चर्चमध्ये बंदीच. मग आमच्याकडच्याच शाळामास्तरांनी बोलण्याच्या चढउतारावरून चाली रचायला सुरुवात केली, ढोल आत आणला, गावोगावी गट उभे केले."

"हे गाणं आमच्या गावच्या मास्तरांचं आहे," ती म्हणाली. "माझ्या आईला त्यांनी शिकवलं, मलाही. आता ऐंशीच्या पुढे आहेत, घराबाहेर पडत नाहीत. मी त्यांना व्हिडिओ पाठवणार आहे. अंकल, गाण्याआधी त्यांचं नाव घ्याल ना? मी शब्द दिलाय, की इंडियात सगळ्यांसमोर नाव घेतील."

तिने नाव कागदावर लिहून दिलं. मी तो शर्टाच्या खिशात ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदन माझ्याकडेच होतं. कागद खिशात होता. नाव लांब होतं, अवघड होतं, अडखळलो असतो तर पुढच्या रांगेतले लोक हसले असते. ही सबब झाली. खरं असं, की तिथे नाव असू शकतं हे मला मनातून पटलंच नव्हतं. मी म्हणालो, "आता ऐकू या आफ्रिकेच्या मातीतलं एक पारंपरिक लोकगीत. कुणी रचलं, कधी रचलं, कुणालाच ठाऊक नाही." वाक्य मला फार आवडलं. पुढे जोडलं, "संगीत मार्गदर्शन," आणि माझं नाव. मार्गदर्शन कसलं, तर मी आधाराला म्हणून पेटी धरून बसलो होतो आणि त्यांच्या चार ओळींपैकी एका ओळीला चिकटून ती वाजवत होतो.

टाळ्या पडल्या. पुरी-श्रीखंडाच्या रांगेत तिने विचारलं, "घेतलंत ना नाव?"

निवेदन मराठीत होतं. तिला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

"हो तर," मी म्हणालो, आणि तिच्या ताटात आणखी एक पुरी वाढायला लावली.

पुढच्या आठवड्यात, मी कंपनीच्या बसमध्ये असताना तिचा फोन आला. "अंकल, मास्तरांनी व्हिडिओ चारदा ऐकला. त्यांना नाव सापडत नाही. किती मिनिटांवर आहे?"

"सुरुवातीचं कापलं गेलं असेल."

"नाही अंकल, सुरुवात आहे. तुम्ही माइक हातात घेता तिथपासून." मग ती म्हणाली, "एक नाव ऐकू येतं त्यात. तुमचं."

बाजूच्या सीटवरचा सहकारी भेंडीच्या भावावरून मोठ्यांदा बोलत होता, म्हणून मला ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. तेही क्षणभर मनात आलं. मग मी सांगितलं, की नाव घेतलं नाही, आणि तुझ्याशी खोटं बोललो. का, हे तिने विचारलं नाही. "ते आणखी एक विचारत होते," एवढंच म्हणाली, "की मागे सतत वाजतंय ते काय आहे, आणि ते बंद करता येईल का."

मी अध्यक्षांकडे गेलो, स्मरणिकेत दुरुस्ती छापू या म्हणालो. "कशाला? अस्के लोक खुशीत घरी गेले की," ते म्हणाले. अस्के म्हणजे त्यांच्या तंजावरी मराठीत सगळे. मला राग आला, पण त्यांच्यावर रागावण्याचा मला काय अधिकार?

रविवारी मी पेटी न घेता भिंतीपलीकडे गेलो. पुन्हा चित्रीकरण करू, नाव मी घेतो, असं म्हणालो. येण्याआधी आरशासमोर पाठही केलं होतं. म्हणून दाखवलं. मागच्या रांगेतला एकजण खोकल्यासारखं हसला. तिने दोनदा दुरुस्त केलं, मग म्हणाली, "राहू द्या अंकल, मीच घेते. तुम्ही फोन धरा."

मी फोन धरला. तिने समोर येऊन मास्तरांचं नाव घेतलं, सावकाश, चढउतारासकट. मग चारही ओळी सुरू झाल्या आणि पेटी नसल्यामुळे मला प्रथमच ऐकू आलं, की प्रत्येक गट दुसऱ्यासाठी जागा ठेवून गातो आहे. एकमेकांचं ऐकत नव्हतो ते आम्ही, भिंतीच्या अलीकडचे.

गाणं संपलं. तिने कॅमेऱ्याकडे पाहून तिच्या भाषेत मास्तरांना काही सांगितलं, सगळ्यांनी हात हलवले. मी अजून थांबवायचं बटण दाबलं नव्हतं. तिच्या त्या बोलण्यात माझं नाव येतं का, हे मी कान देऊन ऐकत होतो.

आलं नाही. मी बटण दाबलं आणि फोन तिला परत दिला.