बाईंना परीक्षा लागूच नव्हती

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुखेडच्या एसटी स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. फोन त्यांच्या शाळेच्या हेडमास्तरांचा. "सर, शिवकांताबाई गेल्या हो… दुपारी शाळेतून घरी आल्या, जरा पडते म्हणाल्या, ते उठल्याच न्हाईत." मी काय बोललो ते आठवत नाही. नांदेडची गाडी आली, लोक चढले, गाडी निघून गेली आणि मी हातात पिशवी धरून तिथंच. मग कुणीतरी म्हणालं, काय सर, गाडी सोडली का? तेव्हा भानावर आलो आणि उलट्या दिशेची गाडी धरून बाईंच्या गावी मातीला गेलो.

लिंगायत रीतीप्रमाणे बाईंना बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात हार, मान किंचित एका बाजूला, वर्गात एखादं पोर उत्तर देताना त्या करायच्या तशीच. माती झाल्यावर हेडमास्तर माझ्याजवळ आले. "तुमच्या क्लासचं लई नाव घ्यायच्या बाई." मी म्हणालो, "परीक्षा तोंडावर आली होती हो. केवढी तयारी केली होती त्यांनी." हेडमास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "कसली परीक्षा?" "पात्रता परीक्षा. पास झाल्या नसत्या तर नोकरी गेली असती ना." तेव्हा ते हळूच म्हणाले, "अहो सर, बाईला ती परीक्षा लागूच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात रिटायर व्हायच्या होत्या त्या. ज्यांची नोकरी थोडी उरली त्यांना सूट हाय की. तुम्ही क्लासवाले, तुम्हाला ठाऊक न्हाई?"

ठाऊक होतं. नियम मला तोंडपाठ होता, दर बॅचला मीच समजावून सांगत होतो. पण बाईंचं वय असं कधी माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्या लेखी बाई भूकंपाच्या साली जेवढ्या होत्या तेवढ्याच. चेहऱ्यावर सुरकुत्या दिसत होत्या, चष्मा दिसत होता, तरी मी हिशोब केला नाही तो नाहीच. त्या दिवसापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. परीक्षा नव्हती तर बाई माझ्याकडे इंग्रजी शिकायला आल्या कशाला?

भूकंपाच्या साली मी तिसरीत होतो. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, किल्लारीच्या अलीकडचं. आमच्याकडे माणसं फार गेली नाहीत, पण दगडमातीची घरं बसली. जी उभी राहिली त्यांच्यात शिरायचं कुणाचं धाडस होईना. जमीन मधूनच गुरगुरायची आणि सगळं गाव ताडकन उठून उभं राहायचं. लोक पत्र्याखाली नाहीतर ताडपत्रीखाली. आयांनी लेकरं कवटाळून धरलेली, शाळेचं नाव काढायची सोय नाही. बाई त्या वेळी आमच्या शाळेवर होत्या, त्याही तंबूतच राहायच्या. त्यांनी एक दिवस शाळेसमोरच्या लिंबाखाली फळा टेकवला आणि शाळा भरवली. पोरगं आलं ते एकटं मी. तेही शिकायची हौस म्हणून नव्हे, मी सारखा पडक्या भिंतींवर चढायचो म्हणून आईनं पाठीत धपाटा घालून पाठवलेलं.

आता एकच पोरगं म्हटल्यावर बाई मला शेजारी बसवून शिकवतील की नाही? छे. बाईंनी प्रार्थना घेतली, प्रतिज्ञा घेतली, हजेरी घेतली आणि भरल्या वर्गासमोर बोलावं तशा टिपेच्या आवाजात कविता शिकवायला लागल्या. मला तर लाजच वाटायला लागली. ग्रामसेवक तिकडून चालले होते, ते थांबून हसले. "बाई, एका पोरापायी घसा कशाला फोडून राहिल्या?" बाई म्हणाल्या, "बाकीचे पत्र्याखाली बसून ऐकतेत की. त्यांना नको का ऐकू यायला?" आणि खरंच, त्या आठवड्यात एकेक पोरगं येऊन लिंबाखाली बसायला लागलं. हे मी इतकी वर्षं एक गमतीची आठवण म्हणून सांगत आलो. क्लासमध्येही सांगायचो, पोरं हसायची.

पुढे बाईंची बदली नांदेड जिल्ह्यात झाली, त्यांच्या सासरकडे, मुखेड तालुक्यात. मी लातूरला डीएड केलं. भरती निघेल निघेल म्हणून वाट बघितली, ती निघेना. तोवर लातूरला क्लासची लाट आलेली. गल्लीच्या गल्ली बोर्डांनी भरली, घरमालकांनी जिन्याखालच्या खोल्यासुद्धा पोरांना भाड्यानं दिल्या. मी एका मोठ्या क्लासात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना इंग्रजी शिकवायचो. मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी म्हटलं की घाम फुटणारी ती माझ्यासारखीच माणसं होती, म्हणून मला ते जमलं. बायकोच्या माहेरी, मुखेडला, मग मी स्वतःचा क्लास टाकला. बाजारपेठेत घरमालक आप्पांच्या कटपीसच्या दुकानावरची खोली, रस्त्याकडे एक खिडकी. सुरुवात बरी झाली. पण पुढे मोबाइलवर शिकवणी आली, नांदेडला थंड हवेचे क्लास आले आणि आमची पोरं सकाळच्या एसटीनं तिकडे पळायला लागली. माझ्या खोलीत बाकंच उरली. लातूरच्या जुन्या क्लासनं परत बोलावलं होतं, तासावर. मी पेंटरकडून पाटी रंगवून आणली, "जागा भाड्याने देणे आहे", आणि जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभी केली. आप्पांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

त्याच दिवसांत बाई जिना चढून आल्या. मी ओळखलं तसा पाया पडलो. त्या धापा टाकत बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "दिगू, पात्रता परीक्षा द्यावी लागती म्हणे आता आम्हालाबी. पास न्हाई झालं तर घरी बसवतील म्हणे. मला इंग्रजी शिकव." आता आठवतं, त्या "म्हणे" म्हणाल्या होत्या, दोनदा. खोटं काही बोलल्या नाहीत. पण जिन्यातली पाटी त्यांनी पाहिली होती का? तिचं तोंड भिंतीकडे होतं. बाईंना वस्तू सरळ करून ठेवायची खोड मात्र होती… काही कळत नाही.

एका विद्यार्थिनीसाठी क्लास चालू ठेवावा लागला, कारण बाईंना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. रविवारी सकाळी आणि बाजारच्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या यायच्या. क्लासात मला "सर" म्हणायच्या, अहोजाहो करायच्या, जिना उतरला की पुन्हा "दिगू, जेवलास का रे". मी म्हणालो, "बाई, सर नका म्हणू हो, कसंतरीच होतं." तर म्हणाल्या, "फळ्यापाशी कोण उभं हाय? मग?" इंग्रजी त्यांना खरोखरच जड जायचं. क्रियापद आधी येतं आणि बाकीचं मागून, हे त्यांना पटायचं नाही. "म्हंजे पाव्हणा दारात पाय ठेवायच्या आधीच कशाला आलाय ते सांगून मोकळा! आपल्यात कसं, आधी पाणी, मग चहा, मग काम." मी हसून बेजार व्हायचो.

फक्त एका गोष्टीवरून आमची दर वेळी वादावादी. उताऱ्यावरचे प्रश्न असतात, उतारा मनात वाचायचा असतो. बाई मोठ्यानं वाचायच्या. मोठ्यानं म्हणजे किती, तर समोरच्या भांड्याच्या दुकानातला माणूस मान वर करून बघायचा. आल्या आल्या खिडकी सताड उघडायच्या, थंडीतसुद्धा. "उकडतंय" म्हणायच्या. खिडकीपाशी बाक ओढायच्या आणि सुरू. एकेक शब्द ठेचकाळत, चुकला की परत, पण आवाज खणखणीत. मी सांगून थकलो. "बाई, परीक्षेत असं वाचलं तर हॉलबाहेर काढतील." "काढू द्या सर. तवाचं तवा बघू." खालून आप्पा ओरडायचे, "काय सर, इंग्रजीत कीर्तन लावलं का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एका बाजारच्या दिवशी जिन्यात बांगड्यांचा आवाज आला. दोन मास्तरणी, हातात आप्पांच्या दुकानातले ब्लाउजपीस. एक म्हणाली, "सर, ते इंग्रजी कोण वाचून राहिलंय?" बाईंनी खिडकीतनं मान वळवली. "मी. या की, बसा." ती पोरगी बाईंच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली आणि मैत्रिणीला म्हणाली, "या वाचतेत, मग आपल्याला काय धाड भरली?" त्या दोघी बसल्या. पुढच्या रविवारी त्यांच्या ओळखीच्या आल्या, मग एक गुरुजी लाजत लाजत आले, मागच्या बाकावर. सगळे माझ्या-तुमच्यासारखे, इंग्रजी वाचता येतं पण तोंडातून काढायची भीती. दिवाळीनंतर बाकं पुरेनात. लातूरला मी कळवून टाकलं, सध्या जमत नाही म्हणून.

आता हे सगळं ओळीनं लिहिलं की वाचणारा म्हणेल, अरे दिगंबरा, एवढं सरळ आहे, तुला कळत कसं नाही? लिंबाचं झाड काय आणि खिडकी काय. बायकोही हेच म्हणते. पण मला ते एवढं सोपं वाटत नाही. कारण बाई शिकत होत्या हो, मनापासून! सराव पेपरात कमी गुण पडले तेव्हा बाकावर डोकं टेकून त्या रडल्या होत्या. "एवढं आयुष्य शिकवण्यात घातलं आन् मला चार ओळी समजत न्हाईत," म्हणाल्या. ते रडणं नाटकी होतं असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. माझा क्लास भरल्यावरही त्या येतच राहिल्या, आता तर काही कारण उरलं नव्हतं. त्यांच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "आईला लहानपणापासून इंग्रजीची आवड होती." सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "छे हो, इंग्रजी बातम्या लागल्या की चॅनल बदलायच्या." आता कुणाचं धरायचं?

कधी कधी मला बाईंचा रागही येतो, खरं सांगतो. सरळ म्हणायचं होतं ना, दिगू, क्लास बंद करू नको, मी येऊन बसते. मी ऐकलं असतं? नसतं ऐकलं बहुतेक. उलट अपमान वाटला असता आणि पहिल्या गाडीनं लातूर गाठलं असतं. हे बाईंना ठाऊक होतं का? तिसरीतल्या पोराचा स्वभाव एखाद्या बाईला जन्मभर आठवत असेल का? शेवटच्या रविवारी जाताना त्या जिन्यात थांबल्या होत्या. मी विचारलं, "भीती वाटते का बाई परीक्षेची?" तर म्हणाल्या, "भीती कशाची? आता वर्ग भरला की." मी म्हणालो, "वर्गाचा काय संबंध, पेपर तुम्हाला एकटीला लिहायचाय." त्या नुसत्या हसल्या आणि कठड्याला धरून उतरल्या. तेव्हा मला वाटलं होतं, बाईंना आता नीट ऐकू येत नसावं.

परीक्षा होऊन गेली. पोरीबाळी, गुरुजी, सगळे पेपर देऊन आले, आपापल्या शाळेत गेले. निकाल लागायचाय. नवी बॅच भरेल की नाही सांगता येत नाही, लातूरचा फोन पुन्हा आलाय. परवा मी खोली झाडायला गेलो. जिन्यातली पाटी तिथंच, तोंड भिंतीकडे. मी ती हातात घेतली, वर आणली, पुन्हा ठेवली. खोलीत कुबट वास कोंडला होता म्हणून खिडकी उघडली. बाईंचा बाक खिडकीपाशीच होता, तो कुणी सरकवला नव्हता. त्यावर सराव पेपरांचा गठ्ठा. मी बसलो. खाली बाजार भरलेला, मेथीच्या पेंड्या, प्लास्टिकच्या घागरी, माणसांची नुसती रेटारेटी. वरचा पेपर उचलला आणि मनात वाचायला लागलो. तोच उतारा, शंभरदा शिकवलेला, पण काहीच डोक्यात शिरेना. दोन ओळी झाल्या की बाई आठवायच्या आणि पुन्हा पहिल्या ओळीवर. शेवटी तोंड उघडलं. आधी पुटपुटलो, मग जरा आवाजात. एकेक शब्द ठेचकाळत, चुकला की परत. रिकाम्या खोलीत बाकांना इंग्रजी वाचून दाखवणारा वेडा मास्तर…

दुकानातून आप्पांचा आवाज आला. "सर, जरा मोठ्यानं! खाली ऐकू येऊन न्हाई राहिलं."

मी उतारा पहिल्यापासून पुन्हा घेतला, मोठ्यानं.